फ्लेक्सवरचा चौथ्या लायनीतला फोटो

"दादा, माहा फोटो वरच्या लायनीत घे ना. थ्या गोल्याच्या वर."

हे वाक्य मी गेल्या सात-आठ वर्षात किती वेळा ऐकलं असेल त्याचा हिशोब नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बस स्टॉपजवळ माझं ऑनलाइनचं दुकान आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. सातबारा, पीएम किसानची केवायसी, लाइट बिल, पोलीस भरतीचे फॉर्म, स्टॅम्प पेपरवरचं टायपिंग, आणि या सगळ्यापेक्षा ज्यात चार पैसे जास्त सुटतात ते म्हणजे फ्लेक्स. डिझाइन मी करतो, प्रिंट तालुक्याहून येते, गुंडाळी करून कोणीतरी पोट्टा गाडीवर मांडीवर आडवी धरून आणतो.

फ्लेक्सचं एक शास्त्र असतं, ज्यानं कधी बनवला नाही त्याला कळणार नाही. सगळ्यात वर महापुरुष, त्याखाली साहेब लोक, मग मधोमध ज्याचा वाढदिवस तो 'भाऊ' गॉगल लावून चालत येताना, मागं सिंह नाहीतर आग नाहीतर दोन्ही, आणि खाली शुभेच्छुक. खरा मामला या शुभेच्छुकांचा असतो. पहिल्या लायनीतले गोल मोठे, दुसऱ्या लायनीतले त्याहून बारके, असं करत करत चौथ्या लायनीत तोंड शर्टाच्या गुंडीएवढं उरतं आणि त्याच्यावरून दोरी ओवायची रिंग ठोकली की अर्धं कपाळ जातं. कोण कोणत्या लायनीत हे भाऊ ठरवतो, पण भाऊला चाळीस जण कुठं लक्षात राहतात, तो म्हणतो "तू पाहून घे ना यार, ॲडजस्ट कर." मग मी करतो ॲडजस्ट. दोन-दोन तास पोट्ट्यांचे फोटो कापत बसायचं, मागची बकरी काढायची, मागची माय काढायची (निम्मे फोटो घरच्या लग्नातले असतात), गोलात बसवायचं.

तर २०२४ च्या पोळ्याच्या फ्लेक्समध्ये मी एक फोटो चौथ्या लायनीत बसवला. त्याला आपण बंड्या म्हणू. नाव बदललं आहे, तेव्हा तो सतरा वर्षाचा होता आणि अशा मॅटरमधल्या अल्पवयीन पोराचं नाव छापायला तसंही कायद्यानं बंदी आहे. आणि गोल्या, तेव्हा एकोणीस, तो दुसऱ्या लायनीत. तोही गोल्या नाही.

त्या साली पोळा २ सप्टेंबरला, सोमवारी आला होता. आदल्या दिवशी पावसानं असं झोडपलं की नाल्याच्या पुलावरून पाणी, वावरात पाणी, गुरं जमतात त्या आखरावर घोट्याएवढा चिखल. तरी बैल आले. आता गावात जोड्या किती उरल्या म्हणा, माझ्या लहानपणी तोरणाखाली उभं राहायला जागा मिळायची नाही, आता ट्रॅक्टर झाले, जोड्या बोटावर मोजाव्या. झडत्या (पोळ्याची गाणी) झाल्या, मानाची जोडी सुटली, सगळं शांततेत पार पडलं. पोलिसांची गाडी एक चक्कर मारून गेली. आपण म्हणतो ना, पोळा फुटला म्हणजे सुटलो.

मॅटर झालं दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. विदर्भाबाहेरच्यांना सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लहान लेकरांचा पोळा असतो, लाकडी बैल, त्याला चाकं, दोरी बांधून ओढत न्यायचा, घरोघरी जाऊन बोजारा मागायचा, कोणी दहा देते कोणी वीस. दिवसभर लेकरं नटूनथटून फिरतात, आणि त्याच दिवशी मोठे पोट्टे नाल्याकडं पत्ते कुटतात, पितात, हेही परंपरेतच बसवलेलं आहे, त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

सकाळी फ्लेक्स फाटलेला दिसला. मधोमध नाही, फक्त दुसरी लाइन, गोल्याच्या तोंडावरून ब्लेड मारल्यासारखा. आता तो वाऱ्यानं फाटला, पावसानं फाटला, का बंड्यानं फाडला, हे मला आजही माहीत नाही. बंड्या आदल्या संध्याकाळी दुकानासमोर उभं राहून फ्लेक्सकडं पाहून हसला होता एवढं मी पाह्यलं. शेजारच्या पानठेल्यावर कोणीतरी म्हणलं, "बंड्या, तुहा फोटो कोठी हाय बे, भिंग आणू का?" खर्रा घोटणाऱ्याचा हातही थांबला नाही, पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना फराफरा घासणं चालूच, आणि पाच-सहा जण हसले. बंड्याही हसला. पण ते हसू कसं असते, ओठ हसतात नि कान लाल होतात.

दुपारी दोन-अडीचला गोल्या गाडीवर आला. गाडी उभी न करता पाय टेकवून म्हणाला, "काऊन बे, पाहून काऊन राह्यला?"

बंड्या म्हणाला, "तू पाहून राह्यला म्हणून."

बस. आमच्याकडच्या दहापैकी आठ मॅटरची सुरुवात एवढीच असते. याला खुन्नस म्हणतात. जमीन नाही, पोरगी नाही, पैसा नाही, पाहणं. कोणी कोणाकडं पाह्यलं. आमच्या बापाच्या पिढीत धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, कुऱ्हाडी निघायच्या, हातभर धुरा कोरला म्हणून भाऊ भावाच्या जिवावर उठायचा, म्हणून मला ते "पैले असं नव्हतं" वालं पुराण पटत नाही, पैले याहून वाईट होतं. पण निदान धुरा तरी दिसायचा. बंड्या-गोल्याच्या मध्ये काय होतं ते मी तुम्हाला दाखवतो म्हणलं तर एक कोरलची (ज्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लेक्स बनवतो त्याची) फाइल दाखवावी लागेल.

पुढचं दोन मिनिटात झालं. बंड्यानं शेजारी सोडलेल्या बंडीची (बैलगाडीची) उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, उपसली, गोल्याच्या हातात फायटर होता (लोखंडी, चार बोटात घालायचा, हे पोट्टे ऑनलाइन मागवतात आणि पार्सल माझ्याच दुकानात ठेवून जातो डिलिव्हरीवाला, वरून लिहिलेलं असतं जिमचं सामान). गोल्यानं एक ठोसा लावला, बंड्याचा ओठ फाटला, आणि बंड्यानं उभारी फिरवली ती कानाच्या वर बसली. आवाज असा आला जसा कवठ दगडावर फोडावा. गोल्या गाडीसकट खाली. चिखलात रक्त पडलं की ते लाल दिसत नाही, काळं दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्याच्या बाजूला एक लाकडी बैल पडलेला होता, झूल घातलेला, एक चाक निघालेलं, ज्या लेकराचा होता ते दोरी सोडून पळालं होतं.

मी काय केलं ते सांगतो. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि वाकून पाहत राहिलो. बाकीच्यांनी मोबाइल काढले. मी मोजले नाहीत तेव्हा, नंतर संध्याकाळी स्टेटसवर वेगवेगळ्या बाजूनं घेतलेले सात व्हिडिओ पाह्यले, म्हणजे निदान सात तरी. एका व्हिडिओत माझं अर्धं शटर दिसते आणि खाली माझे पाय. शेवटी मध्ये पडली ती एक बाई, भाजी घेऊन येणारी, तिनं टोपलं बाजूला ठेवलं आणि "मारून टाकता का रे लेकाहो" म्हणत सरळ बंड्याचा हात धरला. तिच्या साडीला रक्त लागलं. बंड्यानं तिला हात लावला नाही, उभारी टाकून दिली आणि रडायला लागला. ते रडणं कोणत्याच व्हिडिओत नाही, तोपर्यंत रेकॉर्डिंग बंद झालेली होती.

गोल्याला अकरा टाके पडले. दवाखान्यात मारामारीची जखम दिसली की डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागते, एमएलसी म्हणतात त्याला, म्हणून रस्त्यातच ठरलं होतं की गाडीवरून पडला सांगायचं. गाडीवरून पडला म्हणून सांगितलं. गोल्याच्या बापानंच सांगितलं, त्याचं कारण मला पटते आणि पटतही नाही. गोल्या पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला सडकेवर पळायचा, १६०० मीटर, ५ मिनिट १० सेकंदाच्या आत आलं की पूर्ण वीस मार्क, तो ५.४० पर्यंत आला होता. केस झाली तर दोघांवरही होईल, त्याच्याही हातात फायटर होता, मग चारित्र्य पडताळणीत नाव येईल. म्हणून बाप म्हणाला, "टाके पडले तं पडले, केस नोको."

रात्री एका माजी पदाधिकाऱ्याच्या आंगणात बैठक. आमच्याकडं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली २००७ मध्ये, १५ ऑगस्टला, चांगली मोहीम होती, गावातले किरकोळ तंटे गावातच मिटावे, कोर्टाच्या चकरा वाचाव्या. आमच्या चावडीवर तो बोर्ड आजही आहे, अक्षरं उडाली आहेत. पण मोहीम होती ती शिवीगाळ, वाटणी, धुऱ्याच्या भांडणासाठी. डोकं फुटलेलं मॅटर त्यात बसवायची सवय आम्ही आमची लावून घेतली. त्या रात्री ठरलं, पंधरा हजार दवाखान्याचे बंड्याच्या बापानं द्यायचे, दोघांनी पाया पडायचं, आपसी समझोता लिहायचा. लिहायला कोण? रात्री साडेदहाला दुकान उघडून मी लिहिला. तेव्हा शंभराचा स्टॅम्प चालत होता, पाचशेचा नंतर त्याच ऑक्टोबरमध्ये झाला. "आम्ही उभयतांमध्ये गैरसमजातून वाद झाला होता तो आपसात मिटला असून..." हे वाक्य माझ्या कॉम्प्युटरमध्ये सेव्हच आहे, फक्त नावं बदलायची.

टायपिंगचे दीडशे रुपये घेतले. म्हणजे मॅटरच्या सुरुवातीचे, फ्लेक्सचे, पैसे माझ्या गल्ल्यात आणि शेवटाचेही माझ्याच. बायको म्हणाली, "तुम्ही तं वकिलापेक्षा बरे." टोमणा होता.

आता इथून पुढं काय झालं ते मला नीट सांगता यायला पाहिजे, कारण यासाठीच लिहायला बसलो.

बंड्याची सजा काय? पंधरा हजार बापानं सोयाबीनच्या भरोशावर व्याजानं आणले. बंड्याला काहीच झालं नाही. उलट पंधरा दिवसात तो गावात 'बंड्याभाऊ' झाला. ज्याच्या फोटोवर भिंग आणा म्हणत होते तेच त्याला ठेल्यावर बसायला जागा द्यायला लागले. कोणीतरी त्या व्हिडिओला गाणं लावलं, स्लो मोशन केलं, उभारी फिरते तिथं आग टाकली. पुढच्या फ्लेक्सला, नवरात्रात, भाऊनं स्वतः फोन करून सांगितलं, "बंड्याले पहिल्या लायनीत घे." मी घेतला.

त्याच्या मागं तेरा-चौदा वर्षाची चार-पाच पोट्टी लागली. शाळेत आठवी-नववीतली. नाल्याच्या पुलावर बसायचं, सायलेन्सर काढलेली गाडी घेऊन ट्यूशन सुटायच्या वेळेला बस स्टॉपवर चकरा मारायच्या, पोरींच्या जवळून ब्रेक मारायचा. दोन पोरींची तालुक्याची ट्यूशन बंद झाली, कारण विचारलं तर बाप म्हणाला "येण्या-जाण्याचं जमत नाई." वावरातल्या मोटरींचे केबल जायला लागले, आतलं तांबं काढून प्लास्टिक तिथंच टाकून देतात. कोण करते सगळ्यांना माहीत, नाव कोणी घेत नाही.

एक म्हातारे बाबाजी आहेत, गुरुदेव सेवा मंडळाचे जुने, सामुदायिक प्रार्थनेला रोज हजर असणारे, त्यांना राहवलं नाही. त्यांनी पुलावर जाऊन झापलं, "तुह्या बापाले पाळण्यात पाह्यलं मी, लाज वाटत नाई का." पोट्टे ऐकून घेतात, मान खाली घालून, हो बाबाजी म्हणतात. आठ दिवसांनी बाबाजीच्या वावरात सोयाबीनची गंजी जळाली. सवंगणी झालेली, मळणीयंत्राची वाट पाहत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली, साडेतीन एकराचं पीक. रात्री बारा-एकला गावातून उजेड दिसत होता. मीही गेलो होतो, बादल्या घेऊन पंधरा-वीस माणसं, पण सोयाबीनच्या गंजीला एकदा लागली की विझवणं नसते, आतून धुमसते दोन दिवस. वास कसा येतो माहीत आहे का, तेल करपल्यासारखा, तो कपड्यातून जात नाही. त्या साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात व्यापारी चार हजारालाही नाक मुरडत होते, म्हणजे पीक घरी आलं असतं तरी फार काही उरलं नसतं हे खरं, पण जे होतं ते गेलं. कोणी मुद्दाम लावलेल्या आगीला पीकविमा चालत नाही. पंचनामा झाला. अज्ञात इसम.

सकाळी बाबाजी राखेजवळ काठीनं काहीतरी उकरत होते. मी म्हणलं, "बाबाजी, रिपोर्टमध्ये नाव द्या ना, संशय म्हणून." ते म्हणाले, "कोणाचं देऊ? तू देतं का साक्ष?"

मी काही बोललो नाही. माझं दुकान बस स्टॉपवर आहे, समोर काच आहे.

मला राग कशाचा येतो माहीत आहे का, लोक म्हणतात हे मोबाइलनं झालं, पब्जीनं झालं, पुण्याच्या त्या कोयता गँगच्या रील पाहून झालं. असेल ना. नाही कोण म्हणते. पण मोबाइल काही रात्री आंगणात बसून पंधरा हजारात डोकं मिटवत नाही. ते आपण मिटवतो, चांगल्या मनानं मिटवतो, लेकराचं आयुष्य खराब होऊ नये म्हणून. आणि हे मिटवणारे जे असतात त्यांनाही हे पोट्टे लागतात, निवडणुकीला पोस्टर लावायला, रॅलीत गाड्या पळवायला, एखाद्याला नुसतं दारासमोर उभं राहून भेव दाखवायला. त्यांना अठराच्या आतले तर अजूनच बरे, "तुले काई होत नाई, तू नाबालिक हायेस." पोट्ट्यांना हे पाठ आहे. जसं ३०२ (खून) आणि ३०७ (खुनाचा प्रयत्न) ही कलमं पाठ होती. (आता १ जुलै २०२४ पासून ३०२ चं १०३ झालं आणि ३०७ चं १०९, पण रीलवाले अजून जुन्याच नंबरवर आहेत, गाडीच्या नंबर प्लेटवरही ३०२ च पाहिजे असते.)

आणि ते पाठ आहे तेही अर्धवट. २०१५ चा बालन्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे, त्यात सोळा ते अठराच्या पोरानं घोर गुन्हा केला, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षाची सजा आहे असा, तर बालन्याय मंडळ आधी तपासते की याला काय करतोय ते कळत होतं का, आणि तसं वाटलं तर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. आणि जो मोठा माणूस पोरांचा असा वापर करतो त्यालाच त्या कायद्यात सात वर्षापर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. हे कलम कोण्या भाऊला लागलेलं मी आमच्या तालुक्यात तरी पाह्यलं नाही. या कलमाचा फ्लेक्स करून लावावा असं एकदा मनात आलं होतं, दहा बाय दहा. लावला नाही अर्थातच.

आमचे एक रिटायर सर आहेत, ते दर वेळी म्हणतात बालगुन्हेगारी भयंकर वाढली. त्यांना मी एकदा आकडे काढून दाखवले, एनसीआरबीचे (गुन्ह्यांची देशभराची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचे), देशभरात अल्पवयीनांवरच्या केसेस २०२१ मध्ये ३१,१७० होत्या आणि २०२२ मध्ये ३०,५५५, म्हणजे थोड्या कमीच झाल्या, आणि पकडलेल्यात पाचापैकी जवळपास चार सोळा ते अठरा वयाचे. सरांनी चष्मा लावून स्क्रीन पाह्यली आणि म्हणाले, "यात तुह्या स्टॅम्प पेपरवाल्या केसा धरल्या का?" सर गणिताचे होते.

दुसरं मॅटर झालं जानेवारीत, शेजारच्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत. पटावरची बंदी २०१४ ची, मधे सशर्त सुटली होती, पण सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये पक्की परवानगी दिल्यापासून आमच्या भागात जिकडं तिकडं जोरात पट भरतात, गर्दी म्हणजे काय विचारू नका. या वेळी गोल्या गेला होता हिशोब चुकता करायला, सोबत दोन पोट्टे, आणि त्याच्या कमरेला सुरा. सुरा नऊ इंचापेक्षा लांब होता की नव्हता यावर नंतर फार चर्चा झाली, कारण नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद याच्या वर गेलं की शस्त्र कायदा लागते, आणि शेतीच्या अवजाराला सूट आहे, म्हणजे ज्या गावात घरोघरी कुऱ्हाड आणि विळा आहे तिथं हे मोजमाप कोण करत बसते देव जाणे. सुरा लागला एका तिसऱ्याच माणसाला, जोडी पाहायला आलेल्या, दंडाला. या वेळी आंगण नव्हतं, दुसऱ्या गावचा माणूस होता, त्यानं सरळ रिपोर्ट दिला. एफआयआरमध्ये दोन्ही बाजूचे सहा जण.

पेपरमध्ये चार ओळी आल्या. पाच जणांची नावं आणि 'एक विधिसंघर्षग्रस्त बालक', अल्पवयीन आरोपीला कायद्याच्या भाषेत असं म्हणतात. बंड्याचं एवढं मोठं नाव पहिल्यांदाच छापून आलं. ठेल्यावर पोट्ट्यांना ते वाचताच येईना, वि-धि-सं-घर्ष, मग कोणीतरी म्हणलं "भाऊची डिग्री हाय थे."

बंड्याला तेव्हा अठराला चार महिने कमी होते. त्याला बालन्याय मंडळापुढं उभं केलं, एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यवाले असतात त्यात, काही दिवस निरीक्षणगृहात राहिला, मग बापाच्या हमीवर घरी. कायद्यानं त्याच्या पुढच्या नोकरी-शिक्षणाला या केसमुळं बाध येत नाही, तशी तरतूदच आहे, आणि असायलाही पाहिजे, सतरा वर्षाच्या पोराला जन्मभराचा डाग कोण्या हिशोबानं लावायचा. पण गोल्या एकोणीसचा होता. त्याच्या नावावर गुन्हा आहे, केस चालू आहे, तारखा पडतात. त्याचा भरतीचा फॉर्म मीच भरला होता, त्याचं १६०० मीटर ५.२० वर आलं होतं. ज्याचं पहिल्या वेळी डोकं फुटलं, ज्याच्या बापानं करिअरसाठी खोटं सांगितलं, त्याचंच करिअर गेलं. मला राहून राहून वाटते की त्या पोळ्याला खरी एमएलसी झाली असती, फायटर आणि उभारी दोन्ही कागदावर आले असते, दोघांना तेव्हाच ठाण्यात बसवून घाम फोडला असता, तर गोल्याच्या मनात ती अकरा टाक्यांची उधारी राहिली नसती. का तरी राहिली असती? सांगता येत नाही. बायको म्हणते तुम्ही उगाच स्वतःला मोठं समजता, तुमच्या फ्लेक्सनं काही कोणी सुरा घेत नाही.

गोल्या आता पळत नाही. एकदा पहाटे मी दूध आणायला निघालो तर तो सडकेवर उभा होता, बूट घालून, नुसता. म्हणलं, "काय गोलू?" म्हणाला, "काई नाई भाऊ, झोप येत नाई." बूट चांगले होते, भरतीसाठी घेतलेले.

मी एक केलं, या वर्षी दुकानात कागद लावला, अठराच्या आतल्याचा फोटो फ्लेक्सवर घेतला जाणार नाही, आधार दाखवा. पहिल्या आठवड्यात तीन ऑर्डरी गेल्या. भाऊनं फोन केला, "तू कायले शहाणपणा करून राह्यला, धंदा कर ना." पोट्टे तालुक्यातून करून आणतात, नाहीतर मोबाइलवरच ॲपमध्ये बनवतात, त्याला आधार लागत नाही. २०२५ च्या पोळ्याला गावात चार फ्लेक्स होते, त्यातला एकही माझा नव्हता, आणि लायनी तशाच, सिंह तसाच. एका फ्लेक्सवर तर मीच दोन वर्षापूर्वी कापलेले गोल जसेच्या तसे उचलले होते, माझी कटिंग मला ओळखू येते. कागद अजून लावलेला आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकेल का माहीत नाही, मलाही घर चालवायचं आहे.

मागच्या आठवड्यात बंड्याची माय आली होती. दुसऱ्याच्या वावरात कपाशीच्या वेचणीला जातात त्या, बोटं काळी-काळी, बोंडाच्या टोकांनी चिरलेली. मी त्यांना काकू म्हणतो. बंड्याला कुठंतरी पुण्याकडं कंपनीत लावून द्यायचं म्हणत होता त्यांचा भाऊ, त्यासाठी फॉर्म आणि पासपोर्ट फोटो पाहिजे होता, बंड्या स्वतः यायला तयार नव्हता. काकू म्हणाल्या, "थो बॅनरवरचा फोटो हाय ना तुह्याकडं, थोच लाव, चांगला आला होता."

मी काढला तो. गॉगल, केसाला पिवळा रंग, दोन बोटं कॅमेऱ्याकडं. म्हणलं, "काकू, हा नाही चालत, डोळे दिसायला पाहिजे."

मग जुन्या फोल्डरमध्ये शोधत गेलो, दहावीच्या परीक्षेच्या वेळी सगळ्या वर्गाचे फोटो मीच काढले होते शाळेत जाऊन, पांढरा पडदा लावून. सापडला. गणवेश, तेल लावून चप्प बसवलेले केस, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, त्यामुळं मान अवघडल्यासारखी. काकू स्क्रीनजवळ आल्या, एकदम जवळ, मला खुर्ची मागं घ्यावी लागली.

"हा मोठा होते का?"

"किती मोठा?"

त्यांनी हातानं दाखवलं, वहीएवढा.

"वीस रुपये पडतील," मी म्हणलं. तोंडातून निघून गेलं, सवय. त्यांनी ब्लाउजमधून पैसे काढले, दहाच्या दोन नोटा. फोटो पेपर संपला होता, संध्याकाळी तालुक्याहून आणतो, उद्या घेऊन जा म्हणलं. पासपोर्टचे आठ मात्र साध्या शिल्लक कागदावर निघाले, ते घेऊन गेल्या.

वेचणी जोरात चालू आहे, त्यांना यायला झालं नसेल. प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.